दहा मायक्रोग्रॅम टीएनएफ-अल्फा

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रकल्प ठरू लागले की आमच्या महाविद्यालयाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मागणीयादीत एक ओळ हमखास येते : रिकॉम्बिनंट ह्यूमन टीएनएफ-अल्फा, दहा मायक्रोग्रॅम. हे दाह वाढवणारे मानवी प्रथिन; रिकॉम्बिनंट म्हणजे त्याचे जनुक दुसऱ्या पेशींत घालून त्यांच्याकडून बनवून घेतलेले. यादी कार्यालयात गेली की तेथून पहिली विचारणा होते ती वजनाची, कारण ग्रॅमच्या एक लाखाव्या भागासाठी किलोभर रसायनापेक्षा जास्त पैसे का मोजायचे, हे हिशेब तपासणाऱ्या माणसाला कळणे अवघडच आहे. विद्यार्थ्यांची शंका वेगळी असते. नाव तेच, वजन तेच, आणि तरी वेगवेगळ्या पुरवठादारांच्या कोटेशनमध्ये एवढी तफावत असेल तर सर्वांत स्वस्त कुपी का घेऊ नये, असे ते विचारतात. या दोन्ही शंकांना कुपीवरच्या नावावरून उत्तर देता येत नाही. ते डेटाशीटवरून, म्हणजे कुपीसोबत येणाऱ्या माहितीपत्रकावरून, द्यावे लागते, आणि हा कागद बहुतेक प्रयोगशाळांत थर्मोकोलच्या खोक्याबरोबर केराच्या टोपलीत जातो. हा लेख त्या कागदाविषयी आहे, आणि सोलापूरसारख्या गावात तो वाचताना ज्या चार गोष्टी जास्त पाहाव्या लागतात त्यांविषयी आहे.

टीएनएफ-अल्फा म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. शरीरात हे प्रथिन मुख्यतः मॅक्रोफेज या भक्षक पेशींत तयार होते. आरंभी ही २३३ अमिनो आम्लांची साखळी पेशीपटलात रोवलेली असते. टेस नावाचे विकर तिचा बाहेरचा भाग कापते आणि १५७ अमिनो आम्लांचा, सुमारे १७ किलोडाल्टन वजनाचा तुकडा मोकळा होतो. अशा तीन साखळ्या एकमेकींना बिलगून राहतात, आणि या त्रयीच्या रूपातच हे प्रथिन पेशीवरच्या ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरांना, जागे करते. त्यानंतर पेशीत एनएफ-कप्पा-बी हा संदेशमार्ग सुरू होतो आणि दाह वाढवणारी अनेक जनुके कामाला लागतात. न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाने १९७५ मध्ये या घटकाचे वर्णन केले तेव्हा उंदरांच्या रक्तद्रवातील ‘गाठी नष्ट करणारे काहीतरी’ एवढीच त्याची ओळख होती. १९८४ मध्ये त्याचे मानवी जनुक वेगळे करण्यात आले आणि पुढच्याच वर्षी असे स्पष्ट झाले की जुनाट आजारात शरीर झिजवणारा, कॅकेक्टिन नावाने अभ्यासला जाणारा घटक आणि टीएनएफ हे एकच आहेत. कर्करोगावर रामबाण म्हणून ज्याच्याकडे पाहिले जात होते ते प्रथिन रक्तात जास्त झाले तर माणसाला शॉकमध्ये नेते, हे कळल्यावर त्याच्याविषयीचा उत्साह ओसरला, पण प्रयोगशाळेत दाह निर्माण करण्याचे साधन म्हणून त्याचे स्थान पक्के झाले.

हे प्रथिन मिळवण्यासाठी कोणत्याही माणसाचे रक्त काढावे लागत नाही. पूर्वी मानवी प्रथिने मानवी ऊतींमधूनच काढली जात. वाढीचे संप्रेरक मृतदेहांच्या मेंदूतील पीयूषिका ग्रंथींपासून मिळवले जाई, आणि त्या इंजेक्शनांतून काही मुलांना क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा मेंदूचा जीवघेणा रोग झाल्याचे १९८५ मध्ये उघड झाल्यावर अमेरिकेत ते थांबवावे लागले. त्याच वर्षी जिवाणूंत तयार केलेल्या वाढ-संप्रेरकाला तेथे परवानगी मिळाली. या तंत्राचा पाया त्याआधीच घातला गेला होता : १९७७ मध्ये ई. कोलाय या जिवाणूत सोमॅटोस्टॅटिन, १९७८ मध्ये इन्सुलिन आणि १९८२ मध्ये ते इन्सुलिन औषध म्हणून बाजारात. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये रिकॉम्बिनंट हिपॅटायटिस-बी लस आणली, तो टप्पाही याच रांगेतला.

प्रयोगशाळेसाठीचे टीएनएफ-अल्फा बहुधा असे तयार होते : १५७ अमिनो आम्लांचा संकेत असलेला डीएनए एका प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळात, बसवतात, ते प्लाझ्मिड ई. कोलायच्या पेशींत घालतात, जिवाणू पुरेसे वाढले की आयपीटीजी हे रसायन घालून जनुकाला चालना देतात, मग पेशी फोडून त्यांतील हजारो प्रथिनांमधून आपले प्रथिन क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभांच्या साहाय्याने वेगळे करतात. यातील जिवाणू वाढवण्याचा भाग स्वस्त आहे. तो आमच्या विभागातही होऊ शकतो आणि एखाद्या चुणचुणीत विद्यार्थ्याकडून मी तो करूनही घेते. पैसा लागतो तो शुद्धीकरणाला, आणि त्याहूनही अधिक, शुद्ध झालेली वस्तू काम करते की नाही हे दरवेळी तपासून लिहून देण्याला. दहा मायक्रोग्रॅमची किंमत म्हणजे बहुतांशी या तपासणीची किंमत. शिवाय दहा मायक्रोग्रॅम हे वाटते तेवढे कमीही नाहीत. पेशींना आपण प्रतिमिलिलिटर १० नॅनोग्रॅम एवढी मात्रा दिली तर एका कुपीतून एक लिटर माध्यम तयार होते, आणि शहाण्णव कप्प्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक कप्प्याला १०० मायक्रोलिटर धरले तर दहा हजार कप्पे भरतात. हा हिशेब एकदा कार्यालयाला मांडून दाखवला की सही लवकर होते, असा माझा अनुभव आहे.

आता डेटाशीटकडे वळू. तीवर सर्वप्रथम पाहायचे ते साखळीचा कोणता तुकडा आहे हे. पूर्ण साखळीतील ७७व्या व्हॅलिनपासून २३३व्या ल्युसिनपर्यंतचा भाग दिला असेल तर ते शरीरात मोकळे होणारे रूप. काही उत्पादनांत पुढे जिवाणूच्या सवयीप्रमाणे एक मेथिओनिन जास्तीचे असते. त्याने सहसा बिघडत नाही. काहींत शुद्धीकरण सोपे जावे म्हणून सहा हिस्टिडिनांचे शेपूट जोडलेले असते, जे निकेलच्या स्तंभाला चिकटते. हे शेपूट बहुतेक पेशीप्रयोगांत निरुपद्रवी ठरते. मात्र तुमच्या प्रयोगात दुसरेही हिस्टिडिन-शेपटाचे प्रथिन असेल आणि शोध घेणारी प्रतिपिंडे त्या शेपटाविरुद्धची असतील, तर दोन्ही एकाच वेळी दिसू लागतील. अशा वेळी शेपूट नसलेली कुपी घ्यावी, मग ती महाग का असेना.

त्यानंतर यजमान पेशी. ई. कोलायला मानवी पेशींप्रमाणे प्रथिनांवर शर्करांच्या साखळ्या चढवता येत नाहीत. टीएनएफ-अल्फाच्या बाबतीत ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण हे लहानसे, घट्ट घडीचे प्रथिन शर्करांवाचूनही त्रयी बनवते आणि ग्राहीला बसते. पण म्हणून प्रत्येक मानवी प्रथिन जिवाणूत करून घेतलेले चालेल असे नाही. एरिथ्रोपोएटिन या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या वजनाचा जवळजवळ चाळीस टक्के भाग शर्करांचा असतो, आणि त्या नसतील तर ते शरीरात फार काळ टिकत नाही. म्हणून ते चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोशापासून वाढवलेल्या पेशींत तयार करतात. १९७३ मध्ये नेदरलँड्समधील लायडेन येथे तयार झालेल्या एचईके-२९३ या मानवी पेशीही अशाच कामासाठी वापरल्या जातात. त्यांत केलेले प्रथिन शरीरातल्या मूळ रूपाच्या जास्त जवळचे असते आणि अर्थातच जास्त महाग असते. टीएनएफसाठी तो खर्च करावा काय, हे आपला प्रयोग कोणत्या पेशींवर आहे यावर ठरते, आणि याचे कारण शर्करा नसून एंडोटॉक्सिन आहे.

एंडोटॉक्सिनवर मी वर्गात एक अख्खा तास घालवते आणि येथेही थोडे रेंगाळणार आहे. ई. कोलायच्या बाह्यपटलात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू असतो, त्यालाच एंडोटॉक्सिन म्हणतात. जिवाणू फोडला की तो सर्वत्र पसरतो, प्रथिनांना चिकटतो आणि शुद्धीकरणाच्या स्तंभांतूनही त्यांच्यासोबत सुटतो. मॅक्रोफेज आणि मोनोसाइट या पेशी त्याला टोल-सारख्या चौथ्या ग्राहीमार्फत ओळखतात आणि प्रतिसाद म्हणून काय तयार करतात, तर टीएनएफ-अल्फाच. म्हणजे तुम्ही मोनोसाइट पेशींवर जिवाणूत बनवलेले टीएनएफ टाकले आणि दाहाची जनुके चालू झालेली दिसली, तर ती तुमच्या प्रथिनाने चालू केली की त्याला चिकटून आलेल्या जिवाणूच्या पटलाने, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. एनएफ-कप्पा-बी दोन्हींनी जागा होतो.

म्हणून डेटाशीटवर एंडोटॉक्सिनचा आकडा असतो, बहुधा ‘प्रतिमायक्रोग्रॅम एक एककापेक्षा कमी’ अशा स्वरूपात. चांगल्या उत्पादनांत तो याच्या दशांश असतो. तो मोजण्याची जुनी पद्धत एका सागरी जीवाच्या रक्तावर उभी आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या या जीवाला खेकडा म्हणतात ते नावापुरते, नात्याने तो जाळे विणणाऱ्या कोळ्यांना जवळचा. त्याचे निळे रक्त एंडोटॉक्सिनच्या लवलेशानेही गोठते, हे फ्रेडरिक बँग आणि जॅक लेव्हिन यांनी १९६०च्या दशकात दाखवले आणि त्यावरून एलएएल चाचणी निघाली. आता त्या रक्तातील फॅक्टर-सी हे प्रथिनही रिकॉम्बिनंट पद्धतीने तयार होते, त्यामुळे एका रिकॉम्बिनंट प्रथिनाची शुद्धता दुसऱ्या रिकॉम्बिनंट प्रथिनाने तपासता येते आणि त्या मुक्या प्राण्याचे रक्त काढण्याची गरज कमी होते.

हा आकडा वाचताना आपली मात्रा त्याच्याशी गुणून पाहावी लागते. एक एकक म्हणजे सुमारे ०.१ नॅनोग्रॅम लिपोपॉलिसॅकराइड. मायक्रोग्रॅममागे एक एकक असलेले टीएनएफ आपण प्रतिमिलिलिटर १० नॅनोग्रॅम या मात्रेने वापरले, तर माध्यमात प्रतिमिलिलिटर सुमारे एक पिकोग्रॅम एंडोटॉक्सिन जाईल, आणि एवढ्याने आतड्याच्या किंवा त्वचेच्या पेशी ढिम्म हलत नाहीत. मात्र तेवढेच एंडोटॉक्सिन असलेले दुसरे एखादे प्रथिन एक मायक्रोग्रॅमच्या मात्रेने मोनोसाइटवर टाकायचे असेल, तर शंभर पिकोग्रॅम जातील, आणि तेवढ्याने या पेशी निश्चित चवताळतात. आमच्या विभागात विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेले प्रथिन मी पेशींवर वापरू देत नाही ते याच कारणामुळे. शुद्धता पाहण्याच्या जेलवर त्याची पट्टी कितीही देखणी दिसली तरी एंडोटॉक्सिन त्या जेलच्या रंगात दिसत नाही.

पैशाअभावी साधी कुपी घ्यावी लागली तरी दोन नियंत्रणे ठेवता येतात आणि ती जवळजवळ फुकट आहेत. टीएनएफचा थोडा भाग दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवावा. प्रथिनाची घडी मोडते, ते निकामी होते. लिपोपॉलिसॅकराइड मात्र एवढ्या उष्णतेला दाद देत नाही. उकळलेल्या नमुन्यानेही पेशींचा प्रतिसाद तसाच आला, तर तो टीएनएफचा नव्हता. याच्या उलट बाजूचे नियंत्रण म्हणजे पॉलिमिक्सिन-बी, जे लिपोपॉलिसॅकराइडला बांधून ठेवते आणि टीएनएफला हात लावत नाही. शोधनिबंध परीक्षकांकडे गेल्यावर ही दोन नियंत्रणे कोणी मागितली नाहीत तरी ती असावीत, या मताची मी आहे.

शुद्धतेच्या रकान्यात ‘९५ टक्क्यांहून अधिक’ असे असते आणि विद्यार्थी तेवढ्यावर समाधान मानतात. पण ही शुद्धता प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या ज्या एसडीएस-पेज जेलवर मोजतात त्यावर चढवण्यापूर्वी प्रथिनाची घडी मुद्दाम उलगडलेली असते. त्यामुळे १७ किलोडाल्टनला स्वच्छ पट्टी दिसली, याचा अर्थ दुसरी प्रथिने फारशी नाहीत एवढाच होतो; कुपीतल्या साखळ्या नीट घडी पडून तीनतीनच्या त्रयीत आहेत काय, हे त्यावरून कळत नाही. ते कळते क्रियाशीलतेच्या आकड्यावरून. त्यासाठी उंदराच्या एल-९२९ पेशी घेतात, अ‍ॅक्टिनोमायसिन-डी घालून त्यांचे नवे आरएनए बनणे थांबवतात, जेणेकरून त्या बचावाची प्रथिने तयार करू शकत नाहीत, आणि मग किती टीएनएफने पेशी मारण्याचा परिणाम अर्ध्या प्रमाणात साधतो ते पाहतात. ही मात्रा प्रतिमिलिलिटर ०.०५ नॅनोग्रॅम आली, तर दशलक्षाला तिने भागून मिलिग्रॅममागे दोन कोटी एकके अशी विशिष्ट क्रियाशीलता निघते. ज्या डेटाशीटवर हा आकडा नाही ती कुपी मी घेत नाही, मग तिची किंमत निम्मी असो. नुसते प्रतिपिंडाला बसणारे प्रथिन एलायझाच्या, म्हणजे प्रतिपिंडांनी प्रथिन मोजण्याच्या चाचणीच्या, प्रमाणवक्रासाठी चालते. पेशींना जागे करण्यासाठी जिवंत घडी लागते.

मानवी टीएनएफ उंदराच्या पेशींवर चालते हे वरच्या चाचणीवरून दिसते, पण ते पूर्ण खरे नाही. टीएनएफच्या दोन ग्राहींपैकी ते उंदराच्या पहिल्या ग्राहीला बसते, दुसऱ्या ग्राहीला बसत नाही म्हटले तरी चालेल. उंदराच्या मॅक्रोफेज पेशींवर काम करणाऱ्यांनी उंदराचेच टीएनएफ मागवावे.

येथवरचे सगळे पुणे-मुंबईतही तसेच लागू आहे. सोलापूरचे म्हणून वेगळे आहे ते ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्याची बातमीही कोणी दोनदा वाचत नाही. ही प्रथिने बहुधा परदेशातून येतात, पुण्याच्या वितरकाकडे काही दिवस राहतात आणि तेथून अडीचशे किलोमीटरचा प्रवास कुरिअरच्या गाडीतून करतात. वाळवलेल्या, म्हणजे लायोफिलाइज्ड रूपातले टीएनएफ खोलीच्या तापमानाला प्रवास करू शकते असे डेटाशीट सांगते आणि ते बरोबर आहे. मात्र तेथे गृहीत धरलेली खोली वीस-पंचवीस अंशांची असते, दुपारी दोन वाजता टेंभुर्णीजवळ उभ्या असलेल्या पत्र्याच्या टेम्पोची नव्हे. एका वर्षी शुक्रवारी संध्याकाळी पोहोचायचे पार्सल सोमवारी आले, तेव्हा थंडाव्यासाठी ठेवलेल्या जेलच्या पिशव्या हाताला चक्क कोमट लागत होत्या. पुरवठादाराने ‘वाळवलेले आहे, काही होत नाही’ असे सांगितले. होत नाही हे बहुधा खरेही असते, पण आपण ते मात्रा-प्रतिसादाचा वक्र काढून पाहावे, त्याच्या शब्दावर सोडू नये. तेव्हापासून मी मागणी पावसाळा सुरू झाल्यावर नोंदवते, पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी निघेल असे लेखी घेते, आणि द्रवरूप प्रथिन कोरड्या बर्फाशिवाय स्वीकारत नाही.

कुपी आल्यावर प्रथम ती छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवून घ्यावी. दहा मायक्रोग्रॅम पावडर डोळ्यांना दिसतही नाही. ती झाकणाला चिकटलेली असेल आणि आपण झाकण तसेच उघडले, तर प्रथिन गेले. मग डेटाशीटवर सांगितलेल्या द्रावणात, साधारणतः निर्जंतुक पाण्यात किंवा फॉस्फेट बफरमध्ये, प्रतिमिलिलिटर ०.१ मिलिग्रॅम एवढ्या तीव्रतेला विरघळवावे. म्हणजे आपल्या कुपीत १०० मायक्रोलिटर. जोरात घुसळणाऱ्या व्होर्टेक्स यंत्रावर धरू नये, फेस आला की घडी मोडते. याहून विरळ द्रावण साठवायचे असेल तर त्यात ०.१ टक्का बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घालतात, आणि याची दोन कारणे आहेत. विरळ द्रावणातले प्रथिन प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटून बसते. अल्ब्युमिन त्या जागा आधीच व्यापते. दुसरे म्हणजे टीएनएफची त्रयी अतिविरळ अवस्थेत हळूहळू सुटी होते आणि एकेकटी साखळी निरुपयोगी असते. म्हणून साठा तीव्रच ठेवावा आणि पातळ करायचे ते प्रयोगाच्या दिवशीच. ज्यांना या प्रथिनावर चकाकणारा रंग चढवायचा आहे किंवा ते एलायझा प्लेटवर बसवायचे आहे त्यांना अल्ब्युमिन अडथळा ठरते, कारण रंग त्यालाही लागतो आणि प्लेटवरची जागाही तेच खाते. त्यांनी कॅरियर-फ्री, म्हणजे अल्ब्युमिन न घातलेली, कुपीच मागवावी.

साठा लहान लहान नळ्यांत वाटून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवतात. वारंवार वितळवून गोठवणे हे या प्रथिनाला उष्णतेइतकेच मारक आहे. आमच्याकडे उणे ऐंशी आहे, पण वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंतचा काळ धरूनच त्याच्याकडे पाहावे लागते. नळ्या वरच्या कप्प्यात न ठेवता तळाला, बर्फाच्या ठोकळ्यांच्या मध्ये ठेवल्या की बराच वेळ निभावतो. ज्यांच्याकडे उणे वीसच आहे त्यांनी घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर टाळावा. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून स्वतःलाच गरम करतो, आणि नळीतले काही मायक्रोलिटर त्यात दर खेपेला वितळतात.

आमच्या विभागात या सगळ्याचा उपयोग बहुतेक वेळा डाळिंबाकडे वळतो, आणि सोलापुरात ते साहजिक आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र येथेच केगावला आहे, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, आणि वर्गात सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागातली बागायतदारांची मुले असतात. दरवर्षी कोणीतरी भगवा जातीच्या डाळिंबाच्या सालीचा अर्क घेऊन येतो आणि तो दाह कमी करतो काय हे तपासू म्हणतो. एका विद्यार्थिनीचे वडील विभागात आले होते, त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मॅडम, तेल्यावर काही निघतंय का बघा की. सालीचं काय घेऊन बसलाय?” त्यांच्या बाजूने पाहिले तर ते खरेच होते, पण डाळिंबावरच्या तेल्या रोगावर काम करायला आमच्यापेक्षा योग्य संस्था हाकेच्या अंतरावर आहे, आणि पेशींवरचे प्रयोग शिकायला साल सोयीची पडते.

नेहमीचा प्रयोग असा असतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून आणलेल्या एचटी-२९ या आतड्याच्या पेशी वाढवायच्या, त्यांवर अर्क आणि टीएनएफ टाकायचे, आणि पेशी आयएल-८ हा दाहसंदेश किती सोडतात ते एलायझाने मोजायचे. अर्क टाकलेल्या कप्प्यांत आयएल-८ कमी भरते, विद्यार्थी खूश होतो, प्रबंधाचे शीर्षक ठरते. अशा वेळी मी त्याला डाळिंबाच्या सालीचा तुकडा चघळायला सांगते. तोंड तुरट होते ते सालीतल्या टॅनिनांमुळे. प्युनिकॅलॅजिन हे त्यांतले प्रमुख. ही टॅनिने लाळेतल्या प्रथिनांना पकडून त्यांचा साका करतात. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात त्यामागेही हेच रसायन आहे. जे संयुग लाळेच्या आणि कातड्याच्या प्रथिनांना धरते, ते प्लेटमधल्या टीएनएफला का सोडील? माध्यमात प्रतिमिलिलिटर १० नॅनोग्रॅम टीएनएफ आणि त्याच्या हजारो पट अर्क एकत्र टाकल्यावर टीएनएफ ग्राहीपर्यंत पोहोचलेच नसेल, तर दाह कमी झाला हे निरीक्षण खरे असूनही पेशींविषयी ते काहीच सांगत नाही.

यावर उपाय प्रयोगाच्या क्रमात आहे. पेशींना आधी काही तास अर्क द्यावा, मग माध्यम काढून पेशी बफरने नीट धुवाव्यात, आणि त्यानंतर ताज्या माध्यमात टीएनएफ घालावे. एवढे करूनही आयएल-८ कमी आले तर अर्काने पेशींच्या आत काही केले असण्याची शक्यता उरते. त्याच्या शेजारी दोन्ही एकदम दिलेले कप्पेही ठेवावेत; दोहोंतील फरक बोलका असतो, आणि बहुतेक अर्कांचा निम्मा दिमाख त्या धुण्यात वाहून जातो असे मी पाहत आले आहे. टॅनिने एलायझाच्या प्रतिपिंडांनाही धरू शकतात, म्हणून ठाऊक प्रमाणातले आयएल-८ अर्कात मिसळून ते तेवढेच मोजले जाते काय, हेही तपासावे लागते. आणि पेशी जिवंत आहेत हे दाखवण्यासाठी जी एमटीटी चाचणी करतात (जिवंत पेशी एमटीटी या रसायनाला जांभळे करतात) तिच्यात तर आणखी घोळ आहे : ही संयुगे एमटीटीला स्वतःच जांभळे करतात, पेशी असोत वा नसोत. पेशीविना अर्क आणि एमटीटी ठेवलेला एक कप्पा जांभळा झाला की अर्काच्या मोठ्या मात्रेतही पेशी ठणठणीत असल्याचा दावा तेथेच संपतो.

सालीवरच्या कामाला मी कमी लेखत नाही. परंतु ज्या प्रबंधांत टीएनएफ आणि अर्क एकाच वेळी टाकलेले असतात आणि धुतल्याचा उल्लेखही नसतो, ते वाचताना मी निष्कर्षाचे पान उघडत नाही.

घरी या कुपीविषयी बोलणे निघाले की विचारणा होते ती औषधाची. माझ्या मावशींना संधिवातासाठी अ‍ॅडॅलिम्युमॅबची इंजेक्शने सुरू झाली तेव्हा त्यांना वाटले की आमच्या फ्रीझरमध्ये आहे तेच त्यांना देतात. प्रत्यक्षात उलट आहे : ते इंजेक्शन म्हणजे टीएनएफला पकडून निष्प्रभ करणारे प्रतिपिंड असते. टीएनएफ हे क्षयाच्या जंतूंना गाठींत कोंडून ठेवण्याचेही काम करत असल्यामुळे ते अडवले की जुना, दबलेला क्षय उफाळू शकतो, आणि म्हणूनच हे उपचार सुरू करण्यापूर्वी डॉक्टर क्षयाची तपासणी करून घेतात. खुद्द टीएनएफ औषध म्हणून वापरतात ते अगदी मर्यादित कामासाठी. युरोपात १९९९ मध्ये त्याला परवानगी मिळाली ती हातापायांतील मऊ ऊतींच्या कर्करोगात तो अवयव रक्ताभिसरणातून तात्पुरता वेगळा करून त्यातच औषध फिरवण्यासाठी. आमच्या कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असते ते उगाच नव्हे. औषधाच्या दर्जाची निर्मिती, निर्जंतुकता आणि अवशेषांची तपासणी तिच्यावर झालेली नसते, आणि तिची किंमतही त्या तपासणीशिवायची आहे.

प्रबंधाच्या साहित्य-पद्धती विभागात ‘टीएनएफ-अल्फा, १० नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटर’ एवढेच लिहिलेले आले की मी ते परत देते. यजमान पेशी कोणती, साखळीचा कोणता भाग, शेपूट आहे की नाही, कॅरियर आहे की नाही, लॉट क्रमांक, एंडोटॉक्सिनची मर्यादा, कोणत्या द्रावणात विरघळवले आणि किती वेळा वितळवले, एवढे दोन ओळींत मावते. डेटाशीट आणि त्या लॉटचे विश्लेषण-प्रमाणपत्र आम्ही फ्रीझरशेजारच्या फाइलमध्ये लावतो. नवी कुपी बहुधा नव्या लॉटची असते, आणि दोन लॉटांची क्रियाशीलता तंतोतंत जुळत नाही. म्हणून जुन्या लॉटच्या दोन नळ्या वापरायच्या नाहीत असे ठरवून बाजूला ठेवतो, नवी कुपी आली की दोन्ही लॉट एकाच प्लेटवर एकाच दिवशी लावतो, आणि दोघांचे वक्र पाहून मगच नव्या लॉटची मात्रा ठरवतो. यंदाच्या लॉटसाठी ती १० ऐवजी १२ नॅनोग्रॅम ठेवावी लागली आहे.